पाठीच्या कण्यातील हायडॅटिड गाठी : निदान व उपचार

गोंदिया–जबलपूर लोहमार्गावरील लामता (जिल्हा बालाघाट, मध्य प्रदेश) हा शेतीचा व गुराढोरांचा परिसर होय. अशा गावांत शेळी आणि राखणीचा कुत्रा घरातलेच मानले जातात. या निकट सहवासातून उद्भवू शकणाऱ्या एका रोगाची माहिती प्रत्येक कुटुंबास असणे अगत्याचे आहे.

एकायनोकॉकस नावाचा, काही मिलिमीटर लांबीचा पट्टकृमी कुत्र्याच्या आतड्यात राहतो. त्याची अंडी विष्ठेवाटे माती, पाणी व भाजीपाला यांत मिसळतात. ती शेळ्यामेंढ्यांच्या पोटात गेल्यास त्यांच्या यकृतात व फुप्फुसात पाण्याने भरलेल्या गाठी होतात. ते अवयव कच्चे खाल्ल्याने कुत्र्यास पुन्हा लागण होते. मनुष्यास हा रोग मांसाहारामुळे होत नाही, तर कृमीची अंडी पोटात गेल्याने होतो.

बहुतेक रुग्णांत गाठी यकृतात वा फुप्फुसात आढळतात. हाडांत त्या क्वचितच होतात. परंतु अशा रुग्णांपैकी सुमारे निम्म्यांत पाठीचा कणा ग्रासला जातो. गाठी वर्षानुवर्षे हळूहळू वाढतात. प्रथम पाठ दुखते. पुढे पाय बधिर व दुर्बळ होतात, लघवीवरील ताबा सुटतो.

या लक्षणांमुळे मणक्याच्या क्षयाचा समज होणे स्वाभाविक आहे. क्षय अधिक आढळतोही. तथापि क्षयाची औषधे नियमित घेऊनही उतार पडत नसल्यास हायडॅटिडचा विचार व्हावयास हवा. क्षयात दोन मणक्यांमधील चकती बहुधा लवकर झिजते. हायडॅटिडमध्ये ती दीर्घकाळ शाबूत राहते. एम.आर.आय. तपासणीत गाठींचे पुंजके स्पष्ट दिसतात. रक्ततपासणी निर्दोष आली तरी हाडातील रोग नाही असे मानता येत नाही.

शस्त्रक्रिया हा मुख्य उपचार होय. गाठ न फोडता काढणे व मज्जारज्जूवरील दाब दूर करणे हे तिचे उद्दिष्ट असते. गाठ फुटल्यास रोग पसरतो व तीव्र ॲलर्जीने जिवावरही बेतू शकते. त्यासोबत अल्बेंडाझोल हे औषध कित्येक महिने द्यावे लागते. त्या काळात यकृताची व रक्ताची तपासणी आवश्यक ठरते. रोग पुन्हा उलटण्याचा संभव बराच असल्याने वर्षानुवर्षे तपासणी चालू ठेवावी लागते.

पायांतील शक्ती कमी होताच रुग्णास विनाविलंब बालाघाटच्या जिल्हा रुग्णालयात आणि तेथून गरजेनुसार नागपूर वा जबलपूर येथील वैद्यकीय महाविद्यालयात न्यावे. गेलेली शक्ती परत येईलच असे नाही.

प्रतिबंध मात्र प्रत्येकाच्या हाती आहे. कापलेल्या जनावरांचे यकृत व फुप्फुसे कुत्र्यांपुढे टाकू नयेत. ती खोल पुरावीत वा जाळावीत. पशुवैद्यकाच्या सल्ल्याने कुत्र्यांना ठराविक काळाने जंतनाशक द्यावे. कुत्र्यास हाताळल्यावर व जेवणापूर्वी हात साबणाने धुवावेत. मुलांना ही सवय लहानपणीच लावणे हेच सर्वांत स्वस्त औषध होय.