संगणकाची डिस्क ‘केवळ वाचनीय’ कां होते?

गेल्या वर्षीं ह्याच वार्षिकाच्या मराठी विभागाची जुळवाजुळव चालू असतां एक प्रसंग घडला. विद्यार्थ्यांचे सर्व लेख शाळेच्या एकाच संगणकांत उतरून घेतले होते. शेवटचा लेख तपासून आम्ही तो साठवूं लागलों, तों यंत्रानें साफ नकार दिला. ‘फाईल-व्यवस्था केवळ वाचनीय आहे’ एवढेंच उत्तर पडद्यावर उमटलें. जुने लेख उघडत होते, वाचतां येत होते. परंतु एक नवें अक्षर लिहितां येईना, कीं एक जुनें खोडतां येईना. त्या वेळीं जें शिकावें लागलें, तें आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांसही उपयोगी पडेल, म्हणून येथें क्रमानें देत आहों.

प्रथम हा दोष ओळखावा कसा, तें पाहूं. डिस्क भरली असेल तर ‘जागा शिल्लक नाहीं’ असें उत्तर येतें. फाईल दुसऱ्याच्या मालकीची असेल तर ‘परवानगी नाहीं’ असें येतें. ह्या दोन्ही गोष्टी निराळ्या. मूळ डिस्कच केवळ वाचनीय झाली, म्हणजे यंत्राच्या मुख्य चालकाच्या अधिकारानें आज्ञा केली तरी लिहिणें होत नाहीं.

असें कां व्हावें? ग्रंथालयाची उपमा घेऊं. कपाटांत ग्रंथ असतात, आणि कोणता ग्रंथ कोठें आहे हें सांगणारी नोंदवही असते. डिस्कवरही तसेंच; तेथील नोंदवहीस व मांडणीस मिळून फाईल-व्यवस्था म्हणतात. आमचा संगणक लिनक्स प्रणालीवर चालतो. लिनस टोरवाल्ड्स ह्यांनीं हेलसिंकी येथें विद्यार्थी असतांना १९९१ सालीं ही प्रणाली आरंभिली. तिची ‘ई-एक्स-टी-४’ नांवाची फाईल-व्यवस्था २००८ पासून स्थिर म्हणून वापरांत आहे. आतां समजा, एकाच जागेवर दोन ग्रंथ मांडल्याची नोंद ग्रंथपालास आढळली. तो शहाणा असेल तर नव्या नोंदी तत्काळ थांबवील. कारण चुकलेल्या वहीवर विसंबून नवा ग्रंथ ठेवूं जातां जुना नाहींसा व्हावयाचा. लिनक्सचा गाभा हेंच करतो. डेबियनसारख्या प्रणालींत मूळ डिस्कसाठीं ‘चूक आढळल्यास केवळ वाचनीय करून पुन्हां जोडावें’ अशी सूचना स्थापनेच्या वेळींच लिहिलेली असते. तेव्हां ही अडवणूक म्हणजे रोग नव्हे. रोग वाढूं नये म्हणून घेतलेलें तें पथ्य आहे.

मूळ रोग मात्र अनेक असूं शकतात. वीज अकस्मात् जाणें, डिस्कचा कांहीं भाग झिजून वाचेनासा होणें, डिस्कची केबल सैल होणें, स्मृतीच्या पट्टींत दोष असणें, हीं नेहमींचीं कारणें होत. कांहीं एस-एस-डी तर आयुष्य संपत आलें म्हणजे स्वतःच लिहून घेणें बंद करतात.

येथें आमची एक चूक कबूल करणें अवश्य आहे. आठ दिवसांपूर्वीं हाच दोष एकदां दिसला होता. तेव्हां आम्हीं यंत्र बंद करून पुन्हां चालू केलें, तें चाललें, आणि आम्ही निश्चिंत झालों. संगणकाचा गाभा आपल्या तक्रारी स्मृतींत टिपून ठेवतो. एरवीं त्या डिस्कवरही उतरतात, परंतु डिस्कच लिहून घेत नसेल तर त्या कोठें उतरणार? यंत्र बंद करतांच पुरावा पुसला गेला. म्हणून पहिला नियम हा कीं, घाईनें यंत्र बंद करूं नये.

दुसरा नियम असा कीं, जें वाचतां येतें त्याची प्रथम प्रत करावी. आम्हीं पेन-ड्राईव्ह लावला, परंतु मूळ डिस्कवर त्यासाठीं नवा फोल्डर निर्माण होईना. तेव्हां ‘एम-एन-टी’ ह्या मुळांतच असलेल्या रिकाम्या फोल्डरास तो जोडला, आणि सर्व लेख, तसाच उघडा राहिलेला शेवटचा लेखही, त्यावर उतरून घेतला.

तिसरा नियम, तक्रारी वाचणें. ‘डी-मेसेज’ ही आज्ञा दिली म्हणजे गाभ्याचे संदेश दिसतात. त्यांत नुसता ‘ई-एक्स-टी-४’चा उल्लेख असेल तर नोंदवहींत घोटाळा आहे; त्याआधीं डिस्क वाचतां-लिहितां न आल्याच्या ओळी असतील तर दोष यंत्रसामग्रींत शोधावा. आमच्याकडे दुसऱ्या प्रकारच्या ओळी होत्या. त्या वहींत उतरून घेतल्या.

चौथा नियम, डिस्कची नाडी पाहणें. डिस्क आपल्या प्रकृतीची नोंद स्वतः ठेवते; ‘स्मार्ट-सी-टी-एल’ ह्या साधनानें ती वाचतां येते. बदललेल्या व बदलूं घातलेल्या खंडांची संख्या वाढत असेल तर डिस्क झिजत आहे. वाहतुकींतील चुकांचा, म्हणजे ‘सी-आर-सी’चा, आंकडा वाढत असेल तर बहुधा केबल दोषी. आमच्याकडे हाच आंकडा वाढलेला दिसला. यंत्र बंद करून उघडलें, तों केबल खरोखरच ढिली होती. ती बदलली.

पांचवा नियम, दुरुस्ती बाहेरून करणें. नोंदवही सुधारणाऱ्या साधनाचें नांव ‘एफ-एस-सी-के’. डिस्क वापरांत असतांना तें चालवूं नये. एकाच वहींत दोघांनीं एकदम लिहिल्यासारखा अनर्थ होतो. म्हणून पेन-ड्राईव्हवरील दुसऱ्या लिनक्सनें यंत्र चालू केलें, प्रथम नुसती तपासणी केली, आणि मग दुरुस्ती. डिस्क झिजलेली असती तर मात्र आधीं ‘डी-डी-रेस्क्यू’नें तिची संपूर्ण प्रतिमा दुसऱ्या डिस्कवर घेऊन त्या प्रतिमेवरच दुरुस्ती केली असती. बळजबरीनें डिस्क पुन्हां लिहिण्याजोगी करण्याची आज्ञाही आहे. तो मोह मात्र कारण कळेपर्यंत टाळावा.

दुरुस्तीनंतर ‘हरवलें-सांपडलें’ अशा अर्थाच्या एका फोल्डरांत दोन निनावी फाईली निघाल्या. नांवाच्या जागीं नुसते आंकडे होते. एक उघडली, तों इयत्ता नववींतील एका मुलीचा आपल्या आजीवरील निबंध! आदल्या आठवड्यांत तो ‘कोठें तरी गेला’ म्हणून आम्हीं तिला पुन्हां लिहावयास सांगितलें होतें, व पहिल्यासारखा जमत नाहीं म्हणून ती रडकुंडीस आली होती. लेख हरवण्यांत तिचा कांहींच दोष नव्हता. आमच्या निष्काळजीपणाचा भार तिनें सोसला. आम्हीं तिची क्षमा मागितली, आणि पहिलाच निबंध छापला.

विद्यार्थिमित्रहो, ज्या लेखाची एकच प्रत आहे, तो लेख आपल्याजवळ आहे असें समजूं नका. आठवड्यांतून एक दिवस ठरवून दुसऱ्या डिस्कवर प्रत करा, आणि ती उघडते कीं नाहीं हेंही पाहा. आणि यंत्रानें ‘नाहीं’ म्हटलें, तर त्याच्यावर रागावण्यापूर्वीं तें कां म्हणतें तें विचारा. आम्ही पहिल्या दिवशीं विचारलें असतें, तर त्या मुलीचे अश्रू वांचले असते.