घाटाखालचा बाजार आणि घरातला जिन्नस : चांगला माल कसा ओळखावा?



ऊस तोडणीला आला की नाही हे आपण नुसत्या वाढ्याच्या रंगावरून ठरवत नाही. लागणीची तारीख पाहतो, कांडी मोडून पाहतो, रिफ्रॅक्टोमीटरवर शेंड्याचा आणि बुडख्याचा ब्रिक्स ताडून पाहतो. पण तेच आपण किराणा घ्यायला दुकानात गेलो की काय करतो? पिवळाधमक गूळ बघतो, पांढराशुभ्र तांदूळ बघतो आणि पिशवी भरतो. उसाला जी पारख लावतो, ती घरच्या जिनसाला का लावू नये, एवढाच या लेखाचा विषय आहे.

आपला भाग घाटावरचा. वरंध घाट उतरला की महाड, आंबेनळी घाट उतरला की पोलादपूर. पूर्वी सावित्रीच्या खाडीतून गलबतांनी आलेला माल महाडला उतरे आणि तेथून घाटावर चढे. मीठ, तांदूळ, सुकी मासळी वर येई. गूळ, मिरची, कांदा खाली जाई. आजही आपल्यापैकी अनेकांच्या सोयरिकी त्या दोन तालुक्यांत आहेत. म्हणून खाली काय घ्यावे, कधी घ्यावे आणि आपल्याकडून खाली काय न्यावे, हे आधी पाहू.

१) तांदूळ : महाड-पोलादपूर हा ३००० मिलिमीटरच्या वर पावसाचा मुलूख. भात हेच तिथले मुख्य पीक. कापणी दसरा-दिवाळीच्या सुमारास होते, म्हणून खरेदी त्यानंतर महिनाभराने करावी. तांदळाऐवजी शक्य तर भातच घ्यावे आणि लागेल तसे महिन्या-दीड महिन्याचे भरडून घ्यावे. एक क्विंटल भातापासून साधारण ६५ किलो तांदूळ मिळतो; भावाचा हिशेब त्यावर करावा. गिरणीवाल्याला “पॉलिश कमी ठेव” असे स्पष्ट सांगावे. जास्त पॉलिश केले की कोंड्याबरोबर ब-१ जीवनसत्त्वही जाते. मात्र कमी पॉलिशच्या तांदळात कोंड्याचे तेल राहते आणि तो लवकर खवट होतो. म्हणूनच थोडे थोडे भरडायचे.

पारख अशी : दाणा दाताखाली कट्कन तुटला पाहिजे. मऊ लागला तर ओल आहे. मूठभर घेऊन वास घ्यावा. कुबट वास आला तर कितीही स्वस्त असला तरी घेऊ नये. भिजलेले धान्य वाळवले तरी बुरशीचा दोष जात नाही. जुलै २०२१ मध्ये महाडात पुराचे पाणी घराघरांत, दुकानांत शिरले होते. अशा पुरानंतरच्या खरेदीत तर नाकावरच भरवसा ठेवावा. मोकळा भात हवा असेल तर जुना तांदूळ, पेजेला नवा. भाकरीला जाडा दाणा चांगला, तो स्वस्तही पडतो.

२) नाचणी : ही उताराच्या वरकस जमिनीवर होते. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम चुना, म्हणजे कॅल्शियम असते. पांढऱ्या तांदळात ते १० मिलिग्रॅमच्या आसपास. वाढत्या मुलांच्या आणि बाळंतिणीच्या घरात नाचणी हवीच. दाणा तांबूस आणि भरलेला असावा. ओंजळभर नाचणी पाण्यात टाकून ढवळा : पोचट दाणे वर येतात, खडे-वाळू तळाशी बसते. रस्त्यावर मळलेल्या नाचणीत कच हमखास सापडते. तयार पिठापेक्षा दाणा घ्यावा. दाणा कोरडा ठेवला तर वर्षानुवर्षे टिकतो, पीठ मात्र जुने झाले की कडवट लागते.

३) वाल, पावटा, कुळीथ : भात निघाल्यावर जमिनीतल्या ओलीवर ही कडधान्ये येतात. खरेदी माघ-फाल्गुनात करावी. भोक पडलेला दाणा म्हणजे आत भुंगा आहे असे समजावे. आणल्यावर दोन-तीन कडक उन्हे द्यावीत आणि चाळलेली कोरडी राख मिसळून डब्यात भरावे. आपल्या आज्यांनी हेच केले.

४) आमसूल : चैत्र-वैशाखात ताजे मिळते. साल जाड, मऊ, गडद जांभळट-काळी असावी. पाण्यात टाकताच भडक रंग सुटला आणि आंबटपणा मात्र बेताचाच असला, तर रंग लावलेला असण्याचा संशय घ्यावा.

५) गूळ : साखर कारखान्याच्या पत्रिकेत गुळाची चर्चा कशाला, असे कोणी म्हणेल. पण ऊस आपला, मग त्याच्या गुळाची पारख आपल्याला नको का? गिऱ्हाईक पिवळा रंग मागते, म्हणून काही ठिकाणी रसात हायड्रॉस पावडर टाकतात. गुळात सल्फर डायऑक्साइड दहा लाख भागांत ७० भागांपेक्षा जास्त असू नये असा नियम आहे. पण दुकानात उभे राहून ते मोजणार कोण? तेव्हा रंगाचा हट्ट आपणच सोडावा. हायड्रॉसचा रंग टिकतही नाही. काही दिवसांनी ढेप काळवंडते.

चांगला गूळ सोनेरी-तपकिरी असतो, फोडल्यावर आत रवा दिसतो. खारट लागला तर ऊस चोपण जमिनीतला किंवा मचूळ पाण्यावरचा. कडसर लागला तर पाक करपलेला. खडा पेलाभर पाण्यात विरघळवा : तळाशी पांढरा किंवा वाळूसारखा गाळ बसला तर ती ढेप नको.

याहून बरा उपाय आपल्याच हातात आहे. एक टन उसापासून १०० ते १२० किलो गूळ होतो. म्हणजे घरच्या ४० किलो गुळाला चारशे किलो ऊस पुरे, कारखान्याच्या गाळपाला त्याने काही धक्का लागत नाही! को ८६०३२ चा पक्व ऊस निवडा. युरिया उशिरापर्यंत देऊ नका, तोडणीपूर्वी दोन आठवडे पाणी तोडा आणि तोडलेला ऊस चोवीस तासांच्या आत गाळून घ्या. शिळ्या उसाचा गूळ नीट बसत नाही. मळी काढायला रानभेंडीचा रस वापरायला सांगा. हायड्रॉस नको, हे गुऱ्हाळवाल्याला आधीच बजावा.

हळद-तिखटाबद्दल एकच सांगतो : पूड घेऊ नये. हळकुंडे आणि अख्ख्या मिरच्या घ्याव्यात, निवडून, वाळवून डोळ्यांदेखत दळून आणाव्यात.

आता दराचे. चांगल्या मालाला चार पैसे जास्त पडतात. पण ते कुठे जातात हेही पाहा. पोलादपूरकडच्या अनेक घरांतली कर्ती माणसे मुंबईला असतात. वरकस जमीन कसायला उरतात ती म्हातारी माणसे आणि बायका. नाचणीला उठाव नसेल तर ती जमीन पडीक राहते. आणि एकदा बियाणे घरातून गेले की पुन्हा मिळणे कठीण. उसाचा भाव वेळेवर मिळाला नाही तर आपल्या घरात काय होते हे आपल्याला सांगायला नको. तेव्हा समोरच्या शेतकऱ्याशी घासाघीस करताना तेवढी आठवण ठेवावी.

आमची सूचना अशी : एका गल्लीतल्या पाच-सात घरांनी मिळून मागणी ठरवावी, ओळखीच्या शेतकऱ्याकडे किंवा महिला बचत गटाकडे कापणीआधीच शब्द टाकावा, आणि दिवाळीनंतर एकाच टेम्पोत माल वर आणावा. जाताना टेम्पो रिकामा नेऊ नये. आपला बिनहायड्रॉसचा गूळ त्यात भरावा. खालच्या घरांनाही चांगला गूळ हवाच आहे.