दगडफूल व त्याचे ध्रुवप्रदेशांतील सोयरे

मराठवाड्यांत काळा मसाला करावयाचा म्हटला, म्हणजे धने, खोबरें, तीळ, लवंगा, दालचिनी यांच्या जोडीस दगडफुलाची पुडी लागतेच. ती पुडी सोडून पाहावी, तों आंत कोरडें, चुरगळलेलें, एका बाजूनें राखी व दुसऱ्या बाजूनें काळें असें कांहीं तरी दिसतें. हातांत त्याला वजन लागत नाहीं. परंतु तेलांत परततांच त्याचा दरवळ घरभर पसरतो. विद्यार्थीमित्रहो, या पदार्थास आपण फूल म्हणतों. पण त्यास पाकळी नाहीं, केसर नाहीं, कीं बीं नाहीं. आपण त्यास दगडाचें म्हणतों. पण बाजारांत येणारें दगडफूल पुष्कळदां झाडांच्या सालीवरून काढलेलें असतें. नांवांतील दोन्ही शब्द असे फसवे ठरल्यावर, ही वस्तु आहे तरी काय, असा प्रश्न साहजिकच उत्पन्न होतो. त्याचें उत्तर शोधूं जातां आपणांस तेरखेड्याच्या स्वयंपाकघरांतून थेट दक्षिण ध्रुवाच्या बर्फापर्यंत जावें लागतें. कारण दगडफुलाचे सोयरे तेथें राहतात.

शैवाक म्हणजे काय ?

दगडफूल ज्या वर्गांत मोडतें, त्यास इंग्रजींत लायकेन व मराठी वनस्पतिशास्त्रांत शैवाक असें म्हणतात. या मराठी नांवांत शैवल व कवक या दोन्ही शब्दांचा ध्वनि ऐकूं येतो, आणि तें यथार्थच आहे. शैवल म्हणजे शेवाळ व कवक म्हणजे बुरशी. या दोघांनीं मिळून थाटलेला संसार म्हणजे शैवाक होय. कवकानें घर बांधावें, पाणी धरून ठेवावें, उन्हावाऱ्यापासून रक्षण करावें. शैवलानें सूर्यप्रकाशाच्या साह्यानें अन्न तयार करावें. अशी ही वांटणी आहे. शायमन श्वेंडेनर या स्विस शास्त्रज्ञानें १८६७ सालीं हें मत मांडलें, तेव्हां शैवाकांच्या कित्येक नामांकित अभ्यासकांनीं तें मानण्याचें नाकारलें. आज तें सर्वमान्य आहे. इतकेंच नव्हे, तर अनेक शैवाकांच्या सालींत यीस्टच्या जातीचें आणखी एक कवक राहतें, असें २०१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत दिसून आलें. दोघांचा म्हणून समजलेला संसार कित्येक ठिकाणीं तिघांचा निघाला !

मग अशा संसारास नांव कोणाचें द्यावें ? शास्त्रज्ञांचा नियम असा कीं, शैवाकाचें नांव तें त्यांतील कवकाचें नांव समजावें. एकच शैवल अनेक शैवाकांत आढळतें. कवक मात्र बहुधा प्रत्येकाचें वेगळें असतें.

वर्गीकरणाचा आरंभ

स्वीडन देशचा थोर वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियस यानें १७५३ सालीं आपल्या प्रसिद्ध ग्रंथांत सर्व शैवाकें एकाच वंशांत घातलीं. जणूं गांवांतील सर्व माणसांचें आडनांव एकच ! त्याचाच शिष्य एरिक अकेरियस यानें पुढें हें काम हातीं घेतलें. शरीराचा आकार व बीजुकें धारण करणारे अवयव यांचें बारकाईनें निरीक्षण करून त्यानें १८०३ पासून प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत शैवाकांचे अनेक वंश निराळे केले. म्हणून त्यास शैवाकशास्त्राचा जनक मानतात. आज जगांत शैवाकांच्या सुमारें २०,००० जाति ज्ञात आहेत, व त्यांपैकीं अडीच हजारांहून अधिक आपल्या भारतांत आहेत. पुणें येथें १९४६ सालीं स्थापन झालेल्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीच्या संस्थेंत, जिला आज आघारकरांचें नांव आहे, सह्याद्रींतील शैवाकांचा दीर्घकाळ अभ्यास झालेला आहे.

तीन रूपें

शैवाक हातीं आलें असतां पहिला प्रश्न त्याच्या रूपाविषयीं विचारावा. रूपें मुख्यतः तीन आहेत.

(१) कवचरूप : हें दगडास किंवा सालीस रंगाच्या डागासारखें चिकटलेलें असतें. दगडाची कपची काढल्यावांचून तें सुटत नाहीं.

(२) पर्णरूप : हें पानासारखें पसरट असतें, वरची व खालची बाजू निरनिराळी दिसते. आपलें दगडफूल या प्रकारचें आहे. राखी बाजू ती वरची, काळी बाजू ती खालची.

(३) क्षुपरूप : हें लहानशा झुडुपासारखें उभें राहतें, किंवा दाढीसारखें लोंबतें.

हीं तीन रूपें ओळखण्यास भिंगाचीही आवश्यकता नाहीं. परंतु रूप एक म्हणजे जाति एक, असें मात्र समजूं नये. रूप हा केवळ वाड्याचा दिंडीदरवाजा आहे. आंतील खोल्या अजून उघडावयाच्या आहेत.

ध्रुवप्रदेशांतील मंडळी

आतां दक्षिण ध्रुवाकडे वळूं. अंटार्क्टिका खंडांत फुलें येणाऱ्या देशी वनस्पति अवघ्या दोन आहेत. शैवाकांच्या जाति मात्र सुमारें चारशें. जेथें झाड नाहीं, झुडूप नाहीं, तेथें उघड्या खडकावर शैवाकांचेंच राज्य आहे. भारताची पहिली मोहीम जानेवारी १९८२ मध्यें तेथें उतरली. १९८३-८४ च्या तिसऱ्या मोहिमेंत नागपुरांत जन्मलेल्या समुद्रशास्त्रज्ञ अदिति पंत होत्या, ही गोष्ट आपल्या विद्यार्थिनींनीं ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. १९८९ पासून शिर्माकर नांवाच्या बर्फमुक्त खडकाळ प्रदेशांत भारताचें 'मैत्री' हें ठाणें आहे. त्या परिसरांतून आणलेल्या शैवाकांचा अभ्यास लखनौच्या राष्ट्रीय वनस्पति संशोधन संस्थेंतील तज्ज्ञांनीं केला. उत्तर ध्रुवाकडेही स्वालबार्ड बेटांत २००८ पासून भारताचें 'हिमाद्रि' ठाणें आहे.

या ध्रुवीय मंडळींपैकीं कांहींची ओळख करून घेऊं. ब्युएलिया फ्रिजिडा हें कवचरूप आहे. करड्या-काळ्या रंगाचीं त्याचीं वर्तुळें खडकावर नक्षी काढल्यासारखीं दिसतात. झँथोरिया एलिगन्स हें शेंदरासारखें नारिंगी असल्यामुळें दुरूनही डोळ्यांत भरतें. अंबिलिकेरिया डेक्युसाटा हें पर्णरूप खरें, पण त्याचें सारें पान मध्यावरील एकाच देंठानें, बेंबीसारखें, खडकास धरून असतें. उस्निया स्फॅसेलाटा हें क्षुपरूप असून त्याच्या फांद्यांचीं टोकें काळीं असतात. उत्तरेकडे क्लॅडोनिया रँजिफेरिना हें क्षुपरूप शैवाक रेनडिअर हरणांचें हिवाळ्यांतील मुख्य खाद्य होय. तेथीलच ऱ्हायझोकार्पन जिओग्राफिकम हें पिवळ्या-हिरव्या रंगाचें कवच काळ्या रेघांनीं असें विभागलेलें असतें, कीं पाहणारास नकाशाच वाटावा. त्याच्या नांवांतही भूगोल आहे तो याचमुळें.

ओळखणें कठीण कां ?

इतकें सोपें असतें, तर तज्ज्ञांस वर्षानुवर्षें खपावें लागलें नसतें. ध्रुवप्रदेशांत तीन अडचणी मोठ्या आहेत. पहिली ही कीं, प्रखर किरणांपासून रक्षण व्हावें म्हणून शैवाकाची साल काळवंडते. त्यामुळें एकच जाति सावलींत करडी व उघड्यावर काळी दिसते. दुसरी ही कीं, बर्फाचे कण घेऊन येणारा वारा त्याच्या फांद्या झिजवितो व झुडूप खुरटून जातें. तिसरी सर्वांत मोठी : पुष्कळ शैवाकांस तेथें बीजुकें धारण करणाऱ्या लहान थाळ्या येतच नाहींत, आणि वर्गीकरणाची जुनी पद्धत तर त्या थाळ्यांवरच उभी आहे. कांहीं शैवाकें तर वालुकाश्माच्या पोटांत, पृष्ठभागाखालीं कांहीं मिलिमीटरांवर राहतात. त्यांस ओळखावयाचें तर आधीं दगड फोडावा लागतो.

अशा वेळीं रसायनशास्त्र साह्यास येतें. पुष्कळ शैवाकें आपल्या शरीरांत विशिष्ट आम्लें व रंगद्रव्यें तयार करतात. नायलँडर या फिनलंडच्या शास्त्रज्ञानें १८६६ सालीं अशी युक्ति काढली कीं, शैवाकावर दाहक पोटॅशचा किंवा विरंजक चूर्णाच्या पाण्याचा एक थेंब टाकावा व रंग पालटतो कीं काय तें पाहावें. नारिंगी झँथोरियावर पोटॅशचा थेंब पडतांच तेथें जांभळट तांबडा डाग उमटतो. दुसऱ्या कित्येक नारिंगी शैवाकांवर तो उमटत नाहीं.

हीच कसोटी आपल्या पुडीसही लागू पडते. दगडफूल म्हणून विकली जाणारी एक प्रमुख जाति पार्मोट्रेमा पर्लेटम ही होय. तिच्या कडांवर भुकटीसारखे बारीक कण व विरळ काळे केस असतात. तिच्यासारखीच दिसणारी पार्मोट्रेमा टिंक्टोरम ही जातिही बाजारांत येते. तिच्या पृष्ठभागावर सूक्ष्म खुंट असतात, व कडांस केस नसतात. दोहोंचा आंतील पांढरा गर उघडा करून त्यावर विरंजक चूर्णाच्या पाण्याचा थेंब सोडावा. टिंक्टोरमचा गर तांबडा होतो, पर्लेटमचा होत नाहीं. डोळा जेथें फसला, तेथें थेंबानें निवाडा केला. (हा प्रयोग शिक्षकांच्या देखरेखीखालींच करावा, पोटॅश त्वचेस व डोळ्यांस घातक आहे, आणि प्रयोगाचा तुकडा पुन्हां मसाल्यांत जातां कामा नये.) याहीपुढें जाऊन हल्लीं पेशींतील डीएनए तपासून जाति ठरवितात. तरीही रूप, रंग, कडा, केस व थेंब यांचें निरीक्षण सुटलेलें नाहीं. तेंच पहिली पायरी आहे.

नांव माहीत असणें कां अगत्याचें ?

कोणी म्हणेल, मसाल्याला वास आला म्हणजे झालें; जाति कोणती याची उठाठेव कशाला ? याचें उत्तर शैवाकांच्या वाढींत आहे. अंटार्क्टिकाच्या कोरड्या दऱ्यांत ब्युएलिया फ्रिजिडा शंभर वर्षांत मिलिमीटरभरही वाढत नाहीं. तळहाताएवढा डाग म्हणजे कित्येक राजवटींचा साक्षीदार. बुटाची एक ठोकर त्यास पुरे आहे. म्हणूनच १९९१ च्या माद्रिद करारान्वयें तेथील शैवाक परवान्यावांचून उचलतां येत नाहीं. भारतानेंही २०२२ सालीं त्यासंबंधीं स्वतंत्र कायदा केला आहे. आणि हेंच शैवाक किती चिवट आहे पाहा ! २००५ सालीं झँथोरिया एलिगन्स यानाच्या बाहेरच्या अंगास ठेवून सुमारें दोन आठवडे अवकाशाच्या निर्वात पोकळींत व उघड्या सूर्यकिरणांत राखलें होतें; परत आणल्यावर त्याचा जीवनव्यापार पुन्हां सुरू झाला. जें आकाशांत मरत नाहीं, तें माणसाच्या टांचेखालीं मरतें.

आपलें दगडफूल अंटार्क्टिकाच्या मानानें झपाट्यानें वाढतें, तरी ही वाढ वर्षास कांहीं मिलिमीटरच. त्याची शेती होत नाहीं. हिमालयांतून व सह्याद्रींतून तें खरवडूनच आणावें लागतें, आणि खरवडणारा हात दुर्मिळ व विपुल असा भेद करीत नाहीं. सर्व कांहीं एकाच पोत्यांत जातें. पुडीवर एकच नांव. पुडींत अनेक जाति. त्यांपैकीं एखादी वनांतून नाहींशी झाली, तरी वाण्यास कळणार नाहीं आणि गृहिणीसही कळणार नाहीं. ज्याला आपण नांवानें ओळखत नाहीं, त्याचें जाणेंही आपणांस कळत नाहीं. वर्गीकरण ही कोरडी घोकंपट्टी नव्हे, तें याकरितां.

आपल्या गांवांतील पाठ

तेरखेडें हें शोभेच्या दारूकामाकरितां प्रसिद्ध गांव आहे. सोरा, गंधक व कोळसा हीं नांवें येथील मुलांस सांगावयास नकोत. गंधक जळला म्हणजे जो तीव्र वायु निघतो, तो शैवाकांस विशेष बाधतो. कारण त्यांस मुळें नसल्यामुळें पाणी व पोषण तीं बहुतांशीं हवेंतूनच घेतात. नायलँडरनें पॅरिसमध्यें १८६६ सालींच नोंदविलें होतें कीं, शहरांत शैवाकें विरळ होतात, मोकळ्या हवेच्या बागेंत टिकतात. तेव्हां विद्यार्थ्यांनीं पुढील अभ्यास अवश्य करावा.

(१) हमरस्त्यालगतचीं, गांवांतील व शिवारांतील अशीं लिंबाचीं किंवा चिंचेचीं सारख्या वयाचीं झाडें निवडावीं.

(२) प्रत्येकाच्या बुंध्यावर छातीइतक्या उंचीवर पुठ्ठ्याची वीतभर चौकट धरून आंतील शैवाकांचे डाग मोजावे. रूप, रंग व थाळ्या आहेत कीं नाहींत, हें वहींत लिहावें. आपल्या कोरड्या मुलखांत बहुधा कवचरूपच भेटेल. म्हणून भिंग जवळ असावें.

(३) घरच्या पुडींतील दगडफूल पाण्यांत भिजवून उलगडावें, व त्यांत किती प्रकार आहेत तें कडांवरून व केसांवरून निराळें करावें.

(४) झाडावरील किंवा दगडावरील शैवाक मात्र खरवडूं नये. चित्र काढावें, मोजावें आणि जागच्या जागीं राहूं द्यावें.

पालकांसही विनंति आहे कीं, पुडी सोडतांना मुलास जवळ बोलवावें व तुकडे ताटांत पसरून त्याच्यासमोर ठेवावे. दहा मिनिटें मसाल्यास उशीर होईल, एवढेंच.