राजाला कोण आवरील?

अंबरनाथ व बदलापूर या बाजूच्या आमच्या वाचकांनी अंबरनाथचे जुने शिवालय पाहिलेच असेल. तेथील शके ९८२ (इ. स. १०६०) च्या शिलालेखात शिलाहार राजा माम्वाणी यास ‘महामंडलेश्वर’ म्हटले आहे. हे बिरुद मांडलिकाचे होय. लहान राजास थोरला राजा आवरीत असे. परंतु थोरल्यास कोणी आवरावे, हा प्रश्न त्या काळी पुष्कळ देशांत होता.

इंग्लंडात तो पैशावरून पेटला. ११८७ साली सलादीनाने यरुशलेम घेतले, तेव्हा ते परत जिंकण्यासाठी दुसऱ्याच वर्षी प्रजेवर उत्पन्नाच्या व जंगम मालाच्या दहाव्या हिश्शाचा कर बसला. जो स्वतः वधस्तंभाची खूण घेऊन युद्धास जाण्याची शपथ घेईल, त्यास मात्र तो माफ! पुढे जॉन राजाने फ्रान्समधील लढायांसाठी प्रजेस आणखी पिळले. तेव्हा सरदार उठले, आणि जून १२१५ मध्ये त्यांनी त्याच्याकडून मोठी सनद घेतली. राज्यातील प्रमुखांच्या संमतीवाचून काही कर बसवू नयेत व कायद्यावाचून कोणा स्वतंत्र मनुष्यास पकडू नये, असे तीत होते. (जमिनीस जखडलेल्या कुळांस तिचा लाभ थोडाच झाला.) पण जॉन धूर्त. त्याने मार्चमध्येच मुसलमानांशी लढण्याची शपथ घेऊन पोपचा आश्रय मिळविला होता. ऑगस्टात पोप तिसरा इनोसंट याने सनद रद्द ठरविली. जॉन यरुशलेमास कधीच गेला नाही.

असाच प्रकार पुढे आपल्या किनाऱ्यावर, गोव्यात घडला. १५१० साली आल्बुकर्क याने विजापूरच्या आदिलशहाकडून गोवा जिंकला. हे धर्मयुद्ध म्हणावे, तर त्याच्या साह्यास तिमोजा हा हिंदू सरदार होता! शहरातील मुसलमान स्त्रीपुरुषांची कत्तल झाली. मेलेल्यांचा आकडा आल्बुकर्कनेच आपल्या राजास सहा हजारांच्या सुमाराचा कळविला. ख्रिस्ताचे नाव धारण करणाऱ्या आम्हांस हे वाचून मान खाली घालावी लागते.

तथापि तिसवाडीच्या गावांनी नव्या धन्यास एका बाबतीत आवरले. तेथील जमिनी गावकरीच्या, म्हणजे गाव वसविणाऱ्या घराण्यांच्या समाईक होत्या. सप्टेंबर १५२६ मध्ये आफोन्सो मेशिया या पोर्तुगीज अधिकाऱ्याने गावकऱ्यांचे हक्क व रिवाज लिहून घेतले. या लेखास फोराल म्हणतात. गावाने ठरलेला सारा भरावा आणि जमिनीची व्यवस्था गावकऱ्यांनीच पाहावी, असा तो रिवाज होता. अहाब व नाबोथ यांची गोष्ट (१ राजे २१) ज्यांनी शिकविली आहे, त्यांना या कागदाचे मोल सांगावयास नको.

परंतु चौदा-पंधरा वर्षांतच त्यास छिद्र पडले. १५४० च्या सुमारास तिसवाडीतील देवळे पाडण्यात आली, आणि १५४१ साली देवळांच्या जमिनींचे उत्पन्न ख्रिस्ती कार्यास देण्याची कबुली गावकऱ्यांकडून घेण्यात आली. कबुली म्हणावयाची खरी. पण देवळे पाडून झाल्यावर नाही म्हणण्याची सोय कोणास होती? उरलेल्या गावजमिनींवर गावकरी टिकून राहिली, व ‘कोमुनिदाद’ या नावाने ती संस्था गोव्यात आजही आहे.