मनोविकारतज्ज्ञ : कोण, कशासाठी आणि कोठे?

आपल्या परिसरात रागाच्या भरात किंवा थट्टेने एक वाक्य सहज उच्चारले जाते : ‘याला ठाण्याला पाठवायला हवे.’ ठाण्याचे प्रादेशिक मनोरुग्णालय १९०१ साली सुरू झाले. शतकाहून अधिक काळ रुग्णसेवा करणाऱ्या या संस्थेचे नाव आपण टोमण्यासाठी वापरत आलो आणि त्याची किंमत मात्र रुग्णांनी मोजली. मनोविकारतज्ज्ञांकडे जाणे म्हणजे ‘वेड लागणे’, ही घराघरांत बसलेली भीती दूर व्हावी, या हेतूने हा लेख यंदाच्या अहवालात समाविष्ट करीत आहोत.

प्रारंभ आमच्याच अनुभवाने करतो. छातीत धडधड, श्वास कोंडणे, हातपाय गार पडणे अशा तक्रारी घेऊन रुग्ण रात्री-अपरात्री येतात. ईसीजी काढला जातो, तो निर्दोष येतो आणि ‘काही नाही, टेन्शन घेऊ नका’ असे सांगून रुग्णास घरी पाठविले जाते. जुने केसपेपर चाळताना एकाच गृहस्थांचे चार ईसीजी आम्हांस एकत्र टाचलेले आढळले. त्यांच्या हृदयाला काही झाले नव्हते हे खरे. परंतु ‘काही नाही’ हे आमचे उत्तर खरे नव्हते. तीव्र चिंतेचे झटके हा निदान होणारा आणि उपचारांनी आटोक्यात येणारा आजार आहे. मनोविकारतज्ज्ञांसाठी चिठ्ठी पहिल्याच खेपेस दिली गेली असती, तर त्या गृहस्थांचे कामावरील खाडे आणि घरच्यांची जागरणे बऱ्याच अंशी टळली असती. ही त्रुटी आमची होती, हे नमूद करणे आम्ही कर्तव्य समजतो.

मनोविकारतज्ज्ञ हा प्रथम डॉक्टर असतो. एम.बी.बी.एस. झाल्यावर तो या विषयात एम.डी., डी.एन.बी. किंवा डी.पी.एम. ही पदवी वा पदविका घेतो. मानसशास्त्रज्ञ चाचण्या व मानसोपचार करतात, समुपदेशक संवादातून मार्ग दाखवितात. औषधे लिहून देण्याचे काम मात्र डॉक्टरांचे. फीट, पक्षाघात यांसारख्या विकारांसाठी मेंदूविकारतज्ज्ञ वेगळे असतात. पहिल्या भेटीत झोप, भूक, काम, व्यसन, पूर्वीचे आजार यांची सविस्तर विचारपूस होते. थायरॉईडच्या बिघाडानेही मन उदास होऊ शकते, म्हणून कधी रक्ततपासणी सांगितली जाते.

औषधांविषयीही गैरसमज आहेत. नैराश्यावरील गोळ्यांचा गुण दिसण्यास साधारणतः दोन ते चार आठवडे लागतात. तोवर धीर धरावा आणि बरे वाटले तरी डॉक्टरांना विचारल्याविना त्या बंद करू नयेत. झोपेच्या काही गोळ्यांची सवय लागू शकते, म्हणून त्या परस्पर विकत घेऊ नयेत. विजेच्या उपचारांचे चित्रपटांतील भीषण दृश्य मनातून काढून टाकावे. भूल व स्नायू शिथिल करणारे औषध दिल्याविना ते करण्यास २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मनाई आहे. याच कायद्याने रुग्णाची माहिती गोपनीय ठेवण्याचा हक्क दिला असून विमा कंपन्यांनी मानसिक आजारांस शारीरिक आजारांप्रमाणेच संरक्षण द्यावे, असेही बंधन घातले आहे.

आता प्रश्न, जावे कोठे? बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार दहा प्रौढांमागे सुमारे एकास मानसिक आजार होता. लाख लोकसंख्येमागे मनोविकारतज्ज्ञ मात्र एकही पूर्ण नव्हता. म्हणून शोध पद्धतशीर असावा. प्रथम आपल्या फॅमिली डॉक्टरांकडून चिठ्ठी घ्यावी. तज्ज्ञांची पदवी आणि महाराष्ट्र वैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक पाहावा; विचारण्यात संकोच नको. विठ्ठलवाडीहून लोकलने ठाणे गाठता येते. तेथील मनोरुग्णालयात बाह्यरुग्ण विभाग आहे. तेथे जाणे म्हणजे दाखल होणे नव्हे. ठाण्यातच डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली स्थापन केलेली ‘इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ’ ही संस्था कार्यरत आहे. घराबाहेर पडणे शक्य नसल्यास १४४१६ या ‘टेलि-मानस’ क्रमांकावर अहोरात्र विनामूल्य बोलता येते; ही शासकीय सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली.

उदासी किंवा निद्रानाश दोन आठवड्यांहून अधिक टिकला, कामात लक्ष लागेनासे झाले, नसलेले आवाज ऐकू येऊ लागले, तर विलंब करू नये. जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा कोणी केली, तर त्यास एकटे न सोडता त्याच दिवशी जवळच्या रुग्णालयात न्यावे.

आमच्या सभासदांना, देणगीदारांना व हितचिंतकांना एवढीच विनंती की, ‘ठाण्याला पाठवा’ हे वाक्य यापुढे थट्टेत उच्चारू नये. ज्यास खरोखर गरज आहे, त्याच्यासोबत मात्र स्वतः जावे. सोबतीला कोणी असले की रुग्णास दवाखान्याची पायरी चढणे सोपे जाते.