चित्र थांबतें, काळ थांबत नाहीं

मध्य रेल्वेवर भांडुप आणि मुलुंड यांच्या दरम्यान आमचें नाहूर हें लहानसें स्थानक २००६ सालीं सुरू झालें. येथें केवळ धिम्या गाड्या थांबतात. रोज कामास जाणाऱ्या येथील रहिवाश्यांस हें पक्कें ठाऊक आहे कीं, गाडी कोणासाठीं खोळंबत नाहीं. चुकली तर चुकली. पूर्वीं दूरदर्शनचेंहि असेंच होतें. ठरलेल्या घटकेस जो पडद्यापुढें हजर, त्यालाच कार्यक्रम दिसे. ही स्थिति ज्या यंत्रानें पालटली, त्या डिजिटल व्हिडिओ रेकॉर्डरची थोडी ओळख विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस करून द्यावी, असें आम्हीं योजिलें आहे.

मुंबईचें दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजीं सुरू झालें. त्या काळीं वाहिनी एकच, आणि चाळींत संचहि एखाद्याच घरीं असे. शेजारपाजारचीं मुलें तेथें उंबरठ्यापर्यंत दाटीनें बसत. पुढील आठवड्यांत काय दिसणार हें ‘साप्ताहिकी’ या कार्यक्रमांत सांगत, व त्या बेतानें गृहिणी आपलीं कामें आटोपून घेत. १९८७ च्या जानेवारींत ‘रामायण’ मालिका सुरू झाली, तेव्हां रविवारीं सकाळीं रस्ते कसे ओस पडत, हें पुष्कळ पालकांस आठवत असेल. घड्याळ दूरदर्शनच्या हातीं होतें. माणसें त्याप्रमाणें वागत.

या घड्याळाला पहिला धक्का फितीनें दिला. १९७५ सालीं जपानच्या सोनी कंपनीनें ‘बेटामॅक्स’ नांवाचें घरगुती यंत्र बाजारांत आणलें. त्यावरून अमेरिकेंत चित्रपट-कंपन्यांनीं खटला भरला. तेथील सर्वोच्च न्यायालयानें १७ जानेवारी १९८४ रोजीं, पांच विरुद्ध चार मतांनीं, असा निकाल दिला कीं, पुढें सवडीनें पाहण्यासाठीं घरच्या घरीं कार्यक्रम टिपून ठेवल्यानें कोणाच्या हक्काचा भंग होत नाहीं. परंतु फीत गुंडाळावी लागे, हवा तो भाग शोधावा लागे. १९९९ सालीं अमेरिकेंत ‘टिव्हो’ हें यंत्र विक्रीस आलें. त्यांत फितीच्या जागीं संगणकांतील हार्ड डिस्क होती. आपल्याकडे २००८ सालीं ‘टाटा स्काय प्लस’ या नांवानें तशी सोय मिळूं लागली.

हें यंत्र चालतें कसें? चित्र व ध्वनि यांचे अंक बनवून ते चुंबकीय लेप दिलेल्या चकतीवर लिहिले जातात. चकती मिनिटास हजारों फेरे घेते, आणि लिहिणारें-वाचणारें टोक तिला न शिवतां तिच्यावर तरंगत असतें. हें काम इतक्या त्वरेनें होतें कीं, नवें लिहीत असतांनाच जुनें वाचतां येतें. शिक्षक फळ्यावर लिहीत जातात, तुम्ही वहींत उतरून घेतां आणि मागाहून सवडीनें वाचतां, तसाच हा प्रकार समजा. तुम्हीं कांहीं न सांगतांहि यंत्र चालू कार्यक्रम सारखा उतरून घेत असतें; जागा संपली कीं सर्वांत जुना भाग पुसून त्यावर नवा लिहितें. म्हणून रिमोटची कळ दाबतांच चित्र थांबतें. वस्तुतः प्रक्षेपण थांबलेलें नसतें. तें पुढें चाललेलेंच असतें, आणि आपण मात्र मागें राहतों.

याचा अनुभव आम्हांस २ एप्रिल २०११ च्या रात्रीं आला. वानखेडे मैदानावर भारत व श्रीलंका यांच्यांत विश्वचषकाचा अंतिम सामना चालू होता. आमच्या वृद्ध वडिलांच्या जेवणाची व औषधाची वेळ झाली, म्हणून आम्हीं मोठ्या ऐटीनें कळ दाबून सामना थांबविला. सुमारें पंधरा मिनिटांनीं पुन्हां सुरू केला. रंग चढत होता, भारतास अजून कांहीं धावा हव्या होत्या, आणि इतक्यांत बाहेर फटाक्यांचा कडकडाट झाला. वडील क्षणभर आमच्याकडे पाहत राहिले आणि हळूच म्हणाले, “जिंकलो वाटतं!” पुढें धोनीचा तो षट्कार आम्हीं पाहिला, परंतु घरांत कोणीं ओरडलें नाहीं. सारी वस्ती रस्त्यावर नाचत होती, आणि आम्ही तिच्या मागें एका बंद खोलींत बसलों होतों. यंत्रांत बिघाड नव्हता. चूक आमची होती.

या यंत्राचे उपकार आम्ही नाकारीत नाहीं. उशिरांच्या गाडीनें परतणारा बाप, रात्रपाळीची परिचारिका, परीक्षेच्या अभ्यासांत गढलेला विद्यार्थी यांस आपल्या सोयीनें कार्यक्रम पाहतां येऊं लागला. कमी ऐकूं येणाऱ्या म्हाताऱ्या माणसास एखादें वाक्य दोनदां ऐकतां येऊं लागलें. जाहिराती ओलांडून पुढें जातां येऊं लागलें. पण वाहिन्यांच्या मिळकतीचा मोठा भाग जाहिरातींचाच; म्हणून आतां कित्येकदां मालिकेंतील पात्रांच्या हातींच विकाऊ माल दिसतो.

एक गोष्ट मात्र हरवली. पूर्वीं सोमवारीं वर्गांत शिरतांच आदल्या दिवशींच्या कार्यक्रमाची चर्चा ऐकूं येई. आतां मुलें एकमेकांस म्हणतात, “सांगूं नकोस, मी अजून पाहिलें नाहीं.” पुढें इंटरनेट व मोबाईल आले, घरांत चार माणसें चार पडदे घेऊन बसूं लागलीं. पुष्कळ घरीं आतां चकतीची गरजहि उरली नाहीं. परंतु ‘मला हवें तेव्हां’ ही संवय तिनें लावली, ती राहिली आहे.

येथें एक हिशेब ध्यानांत ठेवावा. यंत्र कार्यक्रम सांठवितें, वेळ सांठवीत नाहीं. दहा तास टिपून ठेवले तर ते पाहावयास जवळजवळ दहाच तास लागतात, आणि ते अभ्यासांतून, झोपेंतून किंवा घरच्यांशीं बोलण्यांतून काढावे लागतात. दिवसास पंचविसावा तास कोणत्याहि कारागिरानें जोडलेला नाहीं. पूर्वीं वेळ संपली कीं कार्यक्रम आपोआप बंद होई. आतां ‘पुरे’ हा शब्द आपणांसच म्हणावा लागतो.

त्या रात्रीनंतर आम्हीं घरीं एक नियम केला. आठवड्याचें जें पाहावयाचें तें टिपून ठेवावें, रविवारीं दुपारीं सर्वांनीं एकत्र बसून पाहावें, आणि सायंकाळीं संच बंद करावा. जें सर्वांनीं एका वेळीं अनुभवावयाचें, तें मात्र कधींहि थांबवूं नये. वडील होते तोंवर रविवारची ती बैठक चुकली नाहीं. त्यांनीं काय पाहिलें याची आज आम्हांस फारशी आठवण नाहीं. ते आमच्या शेजारीं बसले होते, ही आठवण आहे. विद्यार्थीमित्रहो, चित्रें कितीहि टिपून ठेवा; पण घरच्या माणसांबरोबर बसण्याची घटका मात्र पुढें ढकलूं नका.