हीट गन वापरा, पण सांभाळून

बॅगा, चपला व रेक्झिनच्या कारखान्यांत आपण हीट गन सर्रास वापरतो. कारागीर बांधवांना आम्ही चार गोष्टी सुचवतो. २००० वॅटची गन सुमारे ९ अँपिअर वीज ओढते. तिला १६ अँपिअरचाच पॉइंट द्यावा. हवा ५०० अंशांपर्यंत तापते, सोल्युशनची वाफ तिने पेट घेते. डबा बंद करून दूर ठेवावा. काम संपल्यावर दोन-तीन मिनिटे थंड हवेवर चालवून मगच बंद करावी, म्हणजे कॉइल टिकते. प्लग काढून मागची जाळी ब्रशने साफ करावी.

दिल्लीच्या अनाज मंडीत २०१९ साली कारखान्यांच्या इमारतीला पहाटे आग लागून ४३ जण दगावले. बहुतेक झोपेत होते. कारागीर आत झोपत असतील तर रात्री प्लग काढावा, बाहेरून कुलूप लावू नये. त्यांचा जीव आपल्याकडे अमानत आहे.